बेरीज करायची की वजाबाकी?

शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून पूर्ण होण्याआधीच चौथीच्या वर्गातून हमखास प्रश्न येतो, "सर, बेरीज करायची की वजाबाकी?" विचारणाऱ्याला दोन्ही क्रिया येतात, उदाहरण वाचण्याचा मात्र कंटाळा असतो. 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी आणि 'प्रत्येकी' दिसले की भागाकार, ही कुबडी मुलांच्या हाती कोणीतरी आधीच दिलेली असते.

ती कुठे मोडते हे पाहायला कापसाचे उदाहरण पुरते. एका शेतकऱ्याचा कापूस १२ क्विंटल निघाला आणि तो त्याच्या भावाच्या कापसापेक्षा ५ क्विंटलने जास्त आहे, तर भावाचा किती? 'जास्त' शब्द पाहून अर्धा वर्ग १७ लिहितो. अशा वेळी मी आकडे पुसून टाकतो आणि कापूस कोणाचा जास्त, एवढेच विचारतो. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना तीच हकिकत अहिराणीत सांगायला लावली, तर पुष्कळदा सांगता सांगताच ७ हे उत्तर त्यांच्या तोंडून येते.

भागाकाराची गंमत याहून मोठी आहे. १३० ला ४० ने भागले की भागाकार ३ आणि बाकी १०, इथपर्यंत सर्वांचे एकमत असते. पण पाटणादेवीच्या सहलीला १३० मुले निघाली आणि एका बसमध्ये ४० जण बसत असतील, तर बस ४ लागतात; ३ लिहिणाऱ्याने उरलेल्या दहा जणांना चाळीसगावच्या स्टँडवरच सोडलेले असते. खिशात १३० रुपये आहेत आणि केळी ४० रुपये डझन आहेत, तर पूर्ण डझन ३ च मिळतात. आणि १३० किलो ज्वारी ४० घरांत सारखी वाटली, तर प्रत्येक घराला सव्वातीन किलो येते. क्रिया एकच, उत्तरे तीन. बाकीचे काय करायचे हे भागाकार सांगत नाही, गोष्ट सांगते. त्यामुळे नुसत्या उत्तराला पूर्ण गुण देणे मला पटत नाही; उत्तराचे पूर्ण वाक्य लिहिलेच पाहिजे.

पाटणादेवीचे, म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटणचे नाव आलेच आहे, तर बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांच्याकडे जायला हरकत नाही. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने स्थापलेल्या मठाची नोंद तेथील शिलालेखात आहे. त्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथातले भुंग्यांचे उदाहरण आजही वर्गात चालते. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतील फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेतच घिरट्या घालत राहिला. तर एकूण भुंगे किती? येथे बीजगणिताची गरज नाही. भास्कराचार्यांच्या इष्टकर्माप्रमाणे सोयीची एखादी संख्या धरावी, समजा ३०. मग ६, १० आणि फरक ४ ची तिप्पट १२, असे २८ गेले आणि २ उरले. उरायला हवा होता १, म्हणजे धरलेली संख्या दुप्पट झाली. थवा १५ भुंग्यांचा.