झाडांना पाणी कोण घालणार?

प्रवास ठरला की बाकीच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं सापडतात. दाराला कुलूप लागतं, मांजर कुणाकडे तरी राहतं. उरतात ती झाडं. त्यातही अंगणातल्या झाडांचं एक वेळ निभावतं. त्यांना मुळं पसरायला खाली जमीन असते, पहाटेचं दव असतं, आभाळाच्या मनात आलं तर पाऊसही असतो. हरितगृहातल्या झाडांच्या नशिबी यातलं काहीच नाही. वारा, गारा आणि थंडी लागू नये म्हणून आपण त्यांच्या डोक्यावर काच घातली आणि त्याच काचेने पाऊसही अडवला. बाहेर धो धो कोसळतंय आणि आत टोमॅटोची रोपं माना टाकून उभी, असं तिथे खुशाल होऊ शकतं. हातात झारी असेपर्यंत आपल्याला ते छोटं नंदनवन वाटतं. आठवडाभर पाठ फिरवली की खरं हवामान कळतं.

झाड पाणी पितं असं आपण म्हणतो, पण प्यालेलं बहुतेक सगळं ते हवेतच सोडतं. मुळांनी ओढलेल्या पाण्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग पानांच्या बारीक रंध्रांतून वाफ होऊन निघून जातो. वाढीच्या कामी येतं ते अगदी नाममात्र. ऊन जितकं कडक आणि हवा जितकी तापलेली, तितकी ही उधळपट्टी जास्त. म्हणून मला वाटतं, निघण्यापूर्वी पाणी कसं पोचवायचं याआधी तहान कशी कमी करायची हे पाहावं. काचेवर शेडनेट ओढावं. झडपा उघड्या ठेवाव्यात. कुंड्या वरच्या फळीवरून उतरवून सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना खेटून ठेवाव्यात, म्हणजे त्यांच्याभोवतीची हवा जरा दमट राहते. पिकायला आलेली फळं काढून घ्यावीत आणि, जिवावर आलं तरी, उमलू पाहणाऱ्या कळ्याही खुडाव्यात. जाण्याच्या तोंडावर खत घालून रोपाला नवी पालवी फोडायला लावणं म्हणजे आपण घरी नसताना पंगत बोलावणं. एवढं केलं की निम्मं काम झालं.

मग साधनं. ठिबकला टायमर जोडणं सगळ्यांना सुचतं आणि रोपं जास्त असली तर त्याला पर्यायही नाही. पण टायमर घड्याळ बघतो, झाड बघत नाही. दिवसभर ढग असले तरी तो तेवढंच पाणी देणार आणि थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या एखाद्या ड्रिपरच्या तोंडाशी क्षार साचले तर त्याला पत्ताही लागणार नाही. तो आदल्या रात्री बसवून सकाळी निघू नये. आपण घरी असताना आठवडाभर चालू द्यावा, प्रत्येक कुंडीत बोट घालून पाहावं आणि बॅटरी नवी टाकावी.

वातीची युक्ती साधी आणि देखणी आहे. दोरीचं एक टोक बादलीत, दुसरं कुंडीच्या मातीत खोल. दोरीच्या धाग्यांमधल्या फटींतून पाणी आपोआप चढतं. त्यातही खोड आहे. बादली कुंडीपेक्षा उंचावर ठेवली तर वातीचा नळ होतो आणि कुंडीत डबकं साचतं. फार खाली ठेवली तर पाणी वर चढेनासं होतं. दोरी आधी भिजवून घ्यावी, कोरड्या दोरीला सुरुवातच करवत नाही. सुती दोरी पाण्यात कुजते, त्यापेक्षा जाड लोकरीसारखा अॅक्रिलिकचा धागा बरा.

माझी पसंती मात्र पुरलेल्या मडक्याला. चकाकी न दिलेलं, भाजलेल्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. चीनमध्ये फान शेंगझी याने दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या शेतीग्रंथात वेलांसाठी हीच पद्धत सांगितली आहे. भोवतालची माती सुकली की ती मडक्यातून पाणी ओढते. माती ओली असली की पाझर मंदावतो. मागणीनुसार पुरवठा, तोही बॅटरीशिवाय. फक्त मडक्याला जागा लागते, आणि रोपांच्या ट्रेमध्ये ती कुठून आणणार?

शेजारच्या काकूंना किल्ली देणं हा सगळ्यात जुना उपाय. ‘तुम्ही निर्धास्त जा हो, मी आहे ना,’ असं त्या म्हणतात आणि तिथेच धोका सुरू होतो. माती ओली लागली तर पाणी घालू नका, असं चिठ्ठीत कितीही ठळक लिहा, मुद्दाम चालत आलेल्या माणसाला काहीच न करता परत जाणं जमत नाही. निवडुंगालाही तांब्याभर, नेच्यालाही तांब्याभर. त्यांना दुसरं काम द्यावं. सकाळी झडपा उघडा, पिकलेले टोमॅटो तोडून घरी न्या. हाताला काम मिळालं की झारी जरा कमी कलते.

अतिपाण्यावरून लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड आठवतात. १८२९ च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश पाहण्यासाठी ओलसर मातीत घालून बाटलीत बंद केला. त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं. दिवसा काचेवर साचलेली वाफ थेंब होऊन पुन्हा मातीत उतरत होती. वरून पाणी न घालता ही रोपं जवळजवळ चार वर्षं जगली. त्यातून डॉक्टरांनी काचेच्या बंद पेट्या बनवल्या आणि १८३३ मध्ये समुद्रमार्गे लंडनहून निघालेली त्यांतली झाडं सिडनीपर्यंत जिवंत पोचली. आणि मूळ बाटलीचं काय झालं? झाकण गंजलं, आत पावसाचं पाणी शिरलं आणि रोपं मेली. तेव्हा डॉक्टर घरी नव्हते!

परत आल्यावर दार उघडताच झारीकडे धावण्याचा मोह होतो. आधी कुंडी उचलून पाहावी. पिसासारखी हलकी लागली तर वरून पाणी ओतून उपयोग नाही. कुंडीतलं वाळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कडेने आकसतं आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. अशी कुंडी पाण्याच्या टबात बुडवून ठेवावी आणि बुडबुडे थांबले की काढावी. कुंडी जड आहे, तरी पानं मलूल आहेत, तर मात्र सावध. ती तहान नव्हे. चिखलात हवा न मिळाल्याने मुळं कुजली आहेत आणि पाणी उशाशी असूनही झाडाला ते ओढता येत नाही. अशा झाडाला सावलीत ठेवावं, पाणी बंद करावं, आणि काकूंनी विचारलं तर उन्हाने झालं म्हणून सांगावं.