तळ्याकाठची पहिली रांग

ऑगस्टच्या लाँग वीकेंडचा शनिवार होता. डीफेनबेकर सरोवराच्या पूर्व काठावरच्या ज्या कॅम्पग्राउंडवर मी उन्हाळी हंगामात जागांची देखभाल पाहतो, ते काठोकाठ भरलं होतं. सकाळच्या अंदाजात एन्व्हायर्नमेंट कॅनडाने, म्हणजे इथल्या हवामान खात्याने, संध्याकाळी तीव्र वादळाची शक्यता वर्तवली होती. प्रेअरीत, म्हणजे कॅनडाच्या या सपाट गवताळ प्रदेशात, तळ्याकाठी राहायचं तर जागा कशी निवडावी आणि तंबू कसा बांधावा, याचा पुरता हिशेब त्या एका दिवसात समोर आला.

आधी सरोवराविषयी. सस्कॅचवान प्रांताच्या दक्षिण भागातलं हे पाणी म्हणजे धरणाचा फुगवटा. साउथ सस्कॅचवान नदीवर १९५९ ते १९६७ या काळात गार्डिनर धरण बांधलं गेलं. मातीचं, ६४ मीटर उंचीचं. त्याच्या मागे पाणी सुमारे २२५ किलोमीटर लांब पसरलं. काठाचे उतार गवताचे आहेत. झाडं फक्त घळींमध्ये, नाहीतर माणसांनी मुद्दाम लावलेली. पश्चिमेकडून निघालेल्या वाऱ्याला पाण्यावर अडवणारं काहीच नसतं. त्यात रॉकी पर्वतातलं बर्फ वितळून जून-जुलैमध्ये पातळी वर चढते, म्हणजे मे महिन्यात दिसलेली रुंद वाळू ऑगस्टमध्ये बरीचशी पाण्याखाली गेलेली असते. जुन्या फोटोतला किनारा पाहून बेत आखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बुकिंग वसंतात सुरू होतं, वेगवेगळ्या प्रांतीय पार्कांसाठी वेगवेगळ्या दिवशी. सगळ्यात आधी संपते ती पाण्यालगतची पहिली रांग. माझं मत उलटं आहे: तंबूने येणाऱ्याने दुसरी किंवा तिसरी रांग मागावी, आणि तीही कॅरागानाच्या कुंपणाच्या पूर्वेला. कॅरागाना हे इथलं काटक झुडूप. शेतं आणि घरं वाऱ्यापासून वाचवण्यासाठी प्रेअरीभर त्याच्या रांगा लावल्या गेल्या. दाट कुंपणाच्या आडोशाला त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर चांगलाच कमी होतो. म्हणजे अडीच मीटरच्या कुंपणामागे वीस-पंचवीस मीटर जागा आडोशाची. पॉपलरच्या झाडीत मात्र आधी वर बघायचं. हे झाड आतून कुजतं, आणि वाळलेली फांदी वाऱ्यात खाली येते. अशा फांदीखाली तंबू नको.

नऊ वाजता मी पहिल्या रांगेतून फिरायला लागलो. प्रांताच्या राजधानीहून, रिजायनाहून आलेली काही मराठी कुटुंबं तिथे होती. दोन जागा पुढे आणि एक मागे, कुंपणाआड. पुढच्या दोन्ही जागांवर सहा माणसांचे उभ्या भिंतींचे तंबू होते. आत उभं राहता येतं म्हणून लोक ते घेतात, पण वाऱ्याला ती भिंत म्हणजे शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी ४५ किलोमीटरला निभावलेला तंबू ९० ला निभावेलच असं नाही, आणि ९० किंवा त्याहून जास्त झोत आले की इथे वादळाला तीव्र म्हणतात.

मुलाकडे पुण्याहून आलेले एक काका खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "अहो, एवढी पाण्यासमोरची जागा मिळवली, ती सोडून झाडीत जायचं?"

"काका, खुर्च्या इथेच राहू द्या. दुपारचं जेवण पाण्यासमोर करा, झोप तेवढी मागे घ्या," मी म्हटलं. एका जागेवर किती तंबू चालतात याला मर्यादा असते, पण वादळाच्या रात्रीपुरती आम्ही परवानगी दिली. त्यांनी एक तंबू मागे हलवला. दुसरा तिथेच राहिला, कारण त्यात बाळ झोपलं होतं.

तो तिथल्या तिथे बांधून काढला. तंबूसोबत येणाऱ्या खुंट्या बोटभर लांबीच्या दुपटी-तिपटीएवढ्या, बारीक तारेच्या असतात. वाळूत त्या हाताने उपटून येतात. मातीत ३० सेंटिमीटरची पोलादी खुंटी लागते, डोकं तंबूपासून बाहेर कललेलं, दोर तिच्याशी काटकोनात. वाळूत तेही पुरत नाही. तिथे कापडी पिशवी वाळूने भरायची, गळ्याला दोर बांधायचा, हातभर खोल खड्ड्यात पुरायची आणि वरून तुडवायची. असे आठ नांगर पुरले. बहुतेक लोक फ्लायचे, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या कापडाचे, मधले दोर पिशवीतून काढतच नाहीत. तंबूचे खांब मोडतात ते त्यामुळेच: कोपरे जमिनीला धरलेले, पण खांबाच्या मध्यावर टेकू नाही. आत खाण्यापिण्याची जड बर्फपेटी ठेवून फायदा नाही. त्याने फरशी जागेवर राहते, भिंती नाही.

दुपारी बाकीची कामं उरकली. दहा बाय दहा फुटी मांडव असलेल्या प्रत्येकाला तो पूर्ण मिटायला सांगितलं; पाय आखडून छत खाली केलं तरी तो उडतो. ट्रेलरवाल्यांनी ऑनिंग, म्हणजे बाजूची कापडी छतं, गुंडाळली. आगी विझवल्या: पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, हात जवळ नेऊन ऊब लागत नाही ना पाहा. आणि प्रत्येक कुटुंबाला २० लिटरचा कॅन नळावर भरून ठेवायला लावला. आमच्या विहिरीचा पंप विजेवर चालतो. वीज गेली की नळ गेले.

साडेसातला, ऊन अजून लख्ख असताना, पश्चिमेला ढगाची लांब आडवी कड दिसली. वारा एकदम पडला. ही खरी खूण. त्या वेळी दोर तपासत बसायचं नाही. सगळ्यांना पत्र्याच्या टपाच्या गाड्यांत बसवलं, जवळच्यांना पक्क्या स्वच्छतागृहात नेलं. चारी बाजूंनी उघडी असलेली पिकनिकची शेड विजेपासून वाचवत नाही, तंबू तर नाहीच. मग गार झोत आला. इथे त्याला प्लाऊ विंड म्हणतात: ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि सरळ रेषेत पुढे धावते. वीसेक मिनिटं समोरची गाडीही नीट दिसत नव्हती.

शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबून आम्ही बाहेर पडलो. पहिल्या रांगेतले बहुतेक तंबू आडवे झाले होते. फायबरचे खांब जोडाशीच चिरले होते. न मिटलेला एक मांडव कुंपणात अडकला होता. आठ नांगरांचा तंबू उभा होता, एका बाजूचा खांब वाकलेला, आत थोडं पाणी. कुंपणामागचा तंबू कोरडा होता. कोणालाही इजा झाली नाही.

हवा एकदम गार पडली होती आणि लोक भिजलेले होते. अशा वेळी शेगडी किंवा बार्बेक्यू तंबूत घेण्याचा मोह होतो. ते करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. कोरडे कपडे, टोपी, मोजे, गाडीत झोप, एवढं पुरतं. मोडलेल्या खांबांना दुरुस्तीच्या नळ्या चढवल्या. हाताच्या वितीएवढी ॲल्युमिनियमची नळी चिरेवर सरकवायची आणि दोन्ही टोकं डक्ट टेपने घट्ट करायची. ती तंबूच्या पिशवीत कायम असावी.

वीज रात्रभर गेली, नळ कोरडे. कोणीतरी विचारलं, तळ्याचं पाणी उकळून चालेल का? एक मिनिट खळखळून उकळलं की जंतू मरतात. पण ऑगस्टमध्ये प्रेअरीच्या तळ्यांत निळं-हिरवं शेवाळ येतं, आणि त्याचं विष उकळून जात नाही. पाण्यावर सांडलेल्या हिरव्या रंगासारखा थर दिसला तर पोहणं नाही, आणि कुत्र्यालाही जाऊ द्यायचं नाही. अंगावरचं चाटून ते दगावतात. म्हणून माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं पाणी बेतातच धरावं, भांडी-आंघोळीचं वेगळं.

रविवारी ऊन पडलं. ओले तंबू कुंपणावर नाही, टेबलांवर पसरवले, कारण कॅरागानाचे काटे फ्लाय फाडतात. ज्यांना घाईने निघायचं होतं त्यांना सांगितलं की ओला तंबू पिशवीत फार तर एक दिवस ठेवा. त्यापुढे बुरशी धरते, आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटू लागतो, आणि मग तो तंबू पुढच्या पावसात गळणारच. घरी गॅरेजमध्ये दोरीवर टांगून, शिवणी पूर्ण सुकेपर्यंत ठेवा.