सुपातले दोन शब्द

आमच्याकडे ज्वारी निवडायला बसतात आणि कापूस वेचायला जातात. ('वेचायला' हे पुस्तकातलं, परभणीकडच्या आमच्या गावात 'येचायला'.) निवडणं सावलीत, गप्पा मारत, वेचणं उन्हात, वाकून, कमरेला ओटी बांधून. एवढा फरक मला बरीच वर्षं पुरला.

मग एकदा माय सूप घेऊन बसली होती. म्हणाली, "तांदूळ निवडायले मी. तू बी ये, खडे येच."

सूप एकच, हातही तेच, तरी तांदूळ निवडायचे अन् खडे वेचायचे! माझा नियम तिथंच मोडला. निवडायला अख्खं सूप लागतं. बरं-वाईट सगळं समोर पसरलेलं हवं. वेचायला एक खडा पुरतो, एक बोंड पुरतं. उचललं की झालं. कापसातली कवडी, म्हणजे डागाळलेला कापूस, बाजूला ठेवावी असं म्हणतात खरं, पण मजुरी किलोवर. निवडत बसलं तर दिवस बुडतो.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान आलं ते ऐन वेचणीत. बाया सकाळीच रांगेत उभ्या राहिल्या, बोटाला शाई लावून घेतली आणि परस्पर शेतात गेल्या. शब्द 'निवडणूक', पण नको ते पाखडून फेकायची सोय त्यात कुठंय? यादीतलं एकच नाव उचलायचं. २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आलं, तेही सूप तसंच खाली ठेवून उठल्यासारखं. खरं तर हिला 'वेचणूक' म्हणायला हवं होतं.

वेचण्याचा आणखी एक घोळ आहे. शाळेत १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात, 'स्वामी रामानंद तीर्थांनी आयुष्य वेचलं' हे ठरलेलं वाक्य. माझ्या डोळ्यांपुढं मात्र भगव्या कपड्यातले स्वामीजी ओटीत कापूस भरताना यायचे. जुन्या मराठीत वेच म्हणजे खर्च, हे फार उशिरा कळलं. गोळा करायलाही तोच शब्द, खर्चून टाकायलाही तोच.

मोठा शोध लागल्यासारखं मायला सांगितलं. तिनं सुपातून मानही वर केली नाही.

"दिवसभर येचून बघ. काय खर्चलं ते कंबर सांगल."