सीआरपी ६.८

म्हापशातल्या लॅबच्या काउंटरवर एक मुलगी आईपुढे रिपोर्ट धरून म्हणाली, "बघ, डिप्रेशन रक्तातच आलं. आता तरी नाटक म्हणू नकोस."

सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे रक्तातलं प्रथिन, लिटरला ६.८ मिलिग्रॅम.

हा आकडा डिप्रेशनचा नव्हे, दाहाचा, म्हणजे शरीरातल्या सुजेचा. सीआरपी यकृत बनवतं, मुख्यतः आयएल-६ या दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर. पावसातला ताप, हिरड्यांची सूज, पोटाची चरबी, सिगारेट, कशानेही चढतं. १०च्या वर गेलं तर आधी संसर्ग शोधायचा, दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. नैराश्याच्या साधारण चार रुग्णांत एकाचंच ३च्या वर असतं. बाकीच्यांचा रिपोर्ट नॉर्मल, दुखणं तेवढंच.

इन्फ्लिक्सिमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या, नैराश्यावरच्या २०१३च्या चाचणीतही सरसकट फायदा दिसला नाही. सीआरपी ५च्या वर असलेल्यांतच थोडी आशा दिसली.

रिपोर्ट नॉर्मल आला असता, तर आई काय म्हणाली असती?