तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्युमेंटरीतला गेमर आणि रात्रीचं ओलित

डॉक्युमेंटरीत दाखवतात तसंच असतं का हो गेमरचं आयुष्य? यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे हा प्रश्न पोरं विचारतातच, हल्ली त्यांचे आईवडीलही विचारतात. 2021 च्या दिवाळीपासून पुढच्या जुलैपर्यंत मी बीजीएमआयच्या, म्हणजे पबजीच्या भारतातल्या अवताराच्या, एका टियर टू, म्हणजे दुसऱ्या फळीतल्या, संघात खेळलो. टियर वन, म्हणजे पहिली फळी, गाठता आलं नाही. जे सांगतोय ते तेवढ्याच अनुभवावर.

विचारणाऱ्यांपैकी बरेच जण 'फ्री टू प्ले' पाहून आलेले असतात. 2014 ची डॉक्युमेंटरी, 2011 मध्ये जर्मनीत कोलोनला झालेल्या डोटा 2 या कॉम्प्युटर गेमच्या स्पर्धेवरची. गेम वॉल्व्ह कंपनीचा, स्पर्धा तिचीच आणि डॉक्युमेंटरीही तिनेच काढलेली. एवढ्यावरून मी तिला खोटी म्हणणार नाही. त्यातल्या युक्रेनच्या डेंडी या खेळाडूचे वडील कॅन्सरने गेलेले असतात. त्याबद्दल तो बोलतो तेव्हा माझा गळा दरवेळी दाटून येतो. ते दुःख खरंच आहे.

पण त्या स्पर्धेत 16 संघ होते. पहिल्याला 10 लाख डॉलर, दुसऱ्याला अडीच लाख, मग कमी कमी होत आठव्या नंबरापर्यंत पैसे, आणि खालच्या आठ संघांना काहीच नाही. कॅमेरा तीन खेळाडूंच्या मागे फिरतो, त्यातल्या डेंडीचा संघ जिंकतो. रिकाम्या हाताने परतलेल्या आठ संघांची पोरं घरी जाऊन काय म्हणाली, ते मला बघायचं होतं, कारण आमच्यातले बहुतेक त्याच रांगेतले.

त्या तिघांतला अमेरिकेचा फिअर घ्या. डॉक्युमेंटरीत तो हरतो. तीच स्पर्धा तो पुढे 2015 मध्ये जिंकला. मधल्या काळात त्याचा कोपर इतका दुखावला, की 2014 ला त्याला खेळाडूची खुर्ची सोडून कोच म्हणून उभं राहावं लागलं. हा पेशा समजून घ्यायचा तर मधली ही चार वर्षं बघायला हवीत. डॉक्युमेंटरी त्याआधीच संपलेली असते.

हाताचं दुखणं मला चांगलं कळतं. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटांना लागतात, नखाशेजारची कातडी फाटते. दिवसभर पऱ्हाटीत वेचणी करून रात्री फोन हातात घेतला की अंगठा काचेवर सरकायचा नाही, अडकायचा. निशाणा केसभर इकडेतिकडे झाला की समोरचा तुम्हाला मारून मोकळा. मी बोटांना खोबरेल चोळायचो, फडक्याने पुसायचो, मग टाल्कम पावडर लावायचो, वर फिंगर स्लीव्ह, म्हणजे बोटावर चढवायचं कापडी टोपण. तरी पहिली मॅच वायाच जायची. शेवटी आईने माझी वेचणी बंद केली आणि माझ्या वाट्याच्या ओळी तिने वेचल्या. त्याचं ऋण मी कुठल्याच बक्षिसातून फेडू शकलो नाही.

घरच्यांबद्दल डॉक्युमेंटरीत जे येतं ते मला सगळ्यात जास्त खटकतं. आधी विरोध, रडारड, मग स्टेजवर पोरगा जिंकतो आणि बाप डोळे पुसतो. आमच्याकडे असं काहीच घडलं नाही. आमच्या स्क्रिम्स, म्हणजे संघासंघांतल्या सरावाच्या मॅच, रात्री दहाला सुरू व्हायच्या. सहा मॅच, एकेक अर्ध्या तासाची, एका मॅचमध्ये 16 संघ, 64 जण. मधले खोळंबे धरून दीड-दोन वाजायचे. घरात पिंग, म्हणजे नेटला लागणारा उशीर, दोनशे मिलिसेकंदांच्या वर जायचा, म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसायचो. त्या हिवाळ्यात शेतातली थ्री-फेज लाइन रात्रीच यायची, त्यामुळे बाबाही हरभऱ्याला पाणी द्यायला जागेच. एका रात्री ते बॅटरी घेऊन, चिखलाने भरलेल्या पायांनी टाकीपाशी थांबले. "किती राह्यल्या?" म्हणाले. दोन, मी म्हटलं. जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "म्हंजे तुयं बी रातचंच वलित हाये." एवढं बोलून घराकडे गेले. गेम त्यांना कधी कळला नाही, त्यांनी कधी अडवलंही नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. एप्रिल 2022 मध्ये संघाने पुण्याला बूटकॅम्पात, म्हणजे एकत्र राहून सराव करायला, बोलावलं. दोन खोल्यांत सात जण, महिन्याला आठ हजार ठरलेले. दोन महिने मिळाले, मग मालकाने फोन उचलणंच सोडलं. मी गावी परत आलो. 28 जुलैला बीजीएमआय प्ले स्टोअरवरून काढला गेला. फोनमध्ये आधीपासून होता त्यांना पुढेही खेळता आलं, पण स्पर्धा थांबल्या. गेम परत आला तो 2023 च्या मे महिन्यात, दहा महिन्यांनी. आपलं पीक दुसऱ्याच्या वावरात उभं असलं की असं होतं. तोवर मी दुकान टाकलं होतं.

एक गोष्ट आईवडिलांसाठी. रमीच्या जाहिराती आणि हा खेळ एक नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ईस्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या गेमना, वेगळं काढून मान्यता दिली. पोरगा बीजीएमआय खेळतो म्हणून त्याला जुगारी म्हणू नका, तो शब्द पोराच्या मनाला फार लागतो.

मागच्या आठवड्यात बोरीअरबकडचा एक पोरगा वडिलांना घेऊन दुकानात आला. वडिलांचा प्रश्न तोच. मी म्हटलं, काका, आज रात्री याला इथेच राहू द्या. ओळखीच्या संघाची स्क्रिम आहे, मी फोन समोर ठेवतो, सहाही मॅच त्याने बघायच्या. चौथ्या मिनिटाला संघ बाहेर पडला तर उरलेला वेळ ती पोरं कशी बसून काढतात, एकमेकांशी काय बोलतात, पुढच्या मॅचला कशी उठतात, तेही बघायचं.

पोरगा लगेच हो म्हणाला. वडिलांनी घड्याळाकडे पाहिलं, शेवटची बस गेलीच होती. कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी ओढून घेतलं. "मंग मी बी बसतो," म्हणाले.