प्रोसिडिंगमधल्या चार ओळी

गिरणीचा पट्टा सुरू असला की बोलायला ओरडावं लागतं, तरी बायका बोलतात. ज्वारीचं दळण होईपर्यंत दहा-बारा मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात अख्ख्या गावाचा विषय निघतो. कुठल्या आळीत नळाला पाणी आलं नाही, दिव्याचा खांब कधीपासून बंद आहे, शाळेमागची गटार परत कशी तुंबली. तेरा वर्षं मी गिरणी चालवते आणि तेरा वर्षं हे ऐकते. यातलं एक वाक्यसुद्धा ग्रामपंचायतीच्या दप्तरात कधी गेलं नव्हतं. यंदा गेलं. कसं गेलं, ते सांगायचंय.

शाळेच्या मागून ओढ्याकडं जाणारी उघडी गटार आहे. पाऊस झाला की घाण पाणी वाटेवर येतं आणि वरच्या आळीतली पोरं चपला हातात घेऊन शाळेत जातात. एप्रिलमध्ये, पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्यानं ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी संकेतस्थळावरून आमच्या गावाच्या कामांचा आराखडा काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. गटारीचं काम त्यात होतं, केंद्राच्या १५व्या वित्त आयोगाकडून पंचायतीला मिळणाऱ्या बंधित निधीतून. हा बंधित पैसा पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच असतो, दुसरीकडं वळवता येत नाही. कागदावर काम होतं, वाटेवर घाण पाणी होतं. मार्च २०२६ला या वित्त आयोगाची मुदत संपणार, हेही त्यानंच लिहिलं होतं.

मग ग्रुपवर तीन रात्री भांडण झालं. पहिल्या रात्री गटारीवर बोलणं झालं. दुसऱ्या रात्री कोण कुणाच्या पार्टीचा, मागच्या निवडणुकीत कुणी कुणाचं काम केलं, यावर आलं. तिसऱ्या रात्री मुंबईतल्या एकानं गावातल्या एकाच्या वडलांवर लिहिलं आणि ॲडमिननं ग्रुप बंद केला. आता फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतो. मला त्याचा राग नाही आला, त्याच्याही जिवाला घोर लागला होता. पण ज्या सुना घरात सासऱ्यांसमोर तोंड उघडत नाहीत, त्यातल्या दोघींनी पहिल्या रात्री त्या ग्रुपवर गटारीबद्दल लिहिलं होतं. त्यांची ती एक जागा होती, तीही गेली.

चार दिवसांनी १ मे. ध्वजवंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या आणि समाजमंदिरात ग्रामसभा लागली. आमच्या गावात एकोणीसशेच्या आसपास मतदार आहेत. ग्रामसभेच्या गणपूर्तीला, म्हणजे कोरमला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, दोन्हीतली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे आम्हाला १०० पुरेत. तीन रात्री ग्रुपवर जेवढे भांडले, तेवढे आले असते तरी सभा झाली असती. त्या दिवशी २६ जण होते. बायका आम्ही तिघी. पाऊण तास वाट बघून सभा कोरमअभावी तहकूब झाली.

तहकूब म्हणजे काय, हे गावात फार थोड्यांना माहीत आहे. मलाही माहीत नव्हतं. तहकूब सभा नंतर पुन्हा भरते आणि तिला गणपूर्तीची अट नसते. मग पंधरा-वीस माणसं बसतात, मागच्या सभेचं इतिवृत्त, म्हणजे प्रोसिडिंग, वाचून कायम होतं, विषय येतात, 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं जातं आणि ते साऱ्या गावाचं म्हणणं ठरतं. घरात बसलेल्या प्रत्येक माणसाचं मत त्यात धरलं जातं, त्याला न विचारता. हे समजलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझ्या वाचनात गडचिरोलीचं मेंढा-लेखा पुष्कळदा आलंय. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००९ साली त्या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबू विकून बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. हे सगळे सांगतात. मला मोठं वाटतं ते त्यांच्या बसण्याचं. तिथं अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरची जाणती माणसंही येतात, हवी तेवढी चर्चा होते, वाद होतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते आणि तो सर्वसहमतीनं घेते, बहुमतानं नाही. एखाद्याला पटलं नाही तर परत बसायचं. आमच्याकडं बोलणं गिरणीत, पारावर आणि फोनवर होतं आणि निर्णय समाजमंदिरात होतो, पण या दोहोंच्या मधली वाट कुणी पाडलेलीच नाही. मेंढा-लेखानं ती पाडली.

आम्ही महिला सभेपासून सुरुवात केली. नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यावी, असं कायद्यातच आहे. आमच्या गावात ती वर्षानुवर्षं वहीत होत होती. बचत गटाच्या बैठकीत रजिस्टर फिरायचं, आम्ही सह्या करायचो. मीही केल्या आहेत, न वाचता. जुलैमध्ये मी पंचायतीत जाऊन भाऊसाहेबांना विचारलं, १५ ऑगस्टच्या आधीची महिला सभा कधी आहे? (ग्रामसेवकाचं पद आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण गावाला ते भाऊसाहेबच.) त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, "१४ तारखेला दुपारी तीनला ठेवू. पण वैनी, बायका आणायच्या तुम्ही." मी तारीख खडूनं गिरणीच्या दारावर लिहिली. दळण घेऊन आलेल्या प्रत्येकीला सांगितलं आणि ज्यांच्या घरी दळण पोरं आणतात त्यांच्या डब्यात चिठ्ठी टाकली.

४३ जणी आल्या. सुरुवातीला कुणीच बोलेना. गिरणीत पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढणाऱ्या बायका पदर सावरून खाली बघत बसल्या. मग वरच्या आळीतल्या आक्का उठल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे धरून उठल्या. "माझा नातू त्या पाण्यातनं शाळंला जातो. दोनदा ताप आला त्याला. गटार कागदावर हाय म्हंत्यात, मग हितं का न्हाई, एवढंच सांगा." भाऊसाहेब म्हणाले, "आक्का, बघतो की." आक्का बसल्या नाहीत. म्हणाल्या, "बघू नगा. लिव्हा."

आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, रजिस्टर उघडलं आणि लिहायला लागले. सभागृहात नुसता पंख्याचा आवाज होता. लिहून झाल्यावर मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. सूचक म्हणून आक्कांचं नाव लिहिताना आधी नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा ग्रुपवर लिहिणाऱ्या त्या दोन सुनांपैकी एक मागून म्हणाली, "त्यांचं स्वतःचं नाव आधी घ्या." अनुमोदक म्हणून तीच उभी राहिली. तिचा सासरा पंचायतीचा माजी सदस्य आहे. सगळं गाव ओळखतं त्यांना.

दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेला ११२ सह्या झाल्या, गणपूर्ती झाली. महिला सभेतला ठराव वाचला गेला, सरपंचांनी अंदाजपत्रकाची अडचण सांगितली, थोडी बाचाबाची झाली आणि ठराव मंजूर झाला: पावसाळा संपताच काम सुरू करावं आणि किती झालं ते २ ऑक्टोबरच्या सभेत सांगावं. पुतण्या पुण्याहून रजा टाकून आला होता. आराखड्याची प्रिंट त्यानं सरपंचांच्या हातात दिली, आवाज न चढवता.

काम अजून सुरू नाही. गटार काल परत तुंबली. नक्कल फी भरून मी त्या ठरावाची प्रत घेतलीय आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गिरणीत उधारीच्या वहीशेजारी ठेवलीय, पीठ बसू नये म्हणून. चार ओळी आहेत. दळण होईस्तोवर एखादी म्हणते, "वाच गं तो आपला ठराव." मी पट्टा थांबवते आणि वाचते. आक्का आल्या की त्या फक्त सूचकाची ओळ परत वाचायला लावतात.