मुंगळ्यांची नोंदवही: जून ते ऑक्टोबर

मंडळी, मी घरी नळीत मुंगळे पाळतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या तिन्ही राण्यांनी स्वतःचीच अंडी खाल्ली. रोज नळी उजेडात धरून बघायची सवय मला नडली. यंदा ठरवलं होतं: राणी एकच ठेवायची आणि आठवड्यातून एकदाच बघायचं, तेही लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात. म्हणून या नोंदी विरळ आहेत.

12 जून. पुण्यात संध्याकाळची सर येऊन गेली आणि जिन्यातल्या दिव्याखाली पंखवाले मुंगळे जमले. नर अंगाने बारीक, डोकं इवलंसं. त्यांच्या गर्दीपासून दूर, भिंतीच्या कडेने एक राणी चालली होती. पंख आधीच गाळलेले, पाठ फुगीर, फुटपट्टीवर साधारण 17 मिलिमीटर. आपला नेहमीचा काळा मुंगळा, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1787 साली नोंदवलेली ही जात. राणी हवी असेल तर अशीच, उडून आलेली घ्या. वारूळ खणून राणी काढली तर मागची अख्खी वसाहत मरते.

टेस्ट ट्यूबमध्ये तळाशी पाणी, मग घट्ट कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाशी दुसरा बोळा. भोवती काळा कागद गुंडाळून नळी कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली. खाऊ काहीही नाही. ही गोष्ट नवीन लोकांना पटत नाही, मलाही गेल्या वर्षी पटली नव्हती. पंख गळल्यावर राणीला उडायचे स्नायू लागत नाहीत. ते शरीरातच विरघळतात, आणि त्यावर व अंगातल्या चरबीवर ती पहिली पिल्लं वाढवते. फुगीर पाठीत तिचा शिधा भरलेला असतो. आपण मध घातला की त्याला बुरशी येते, एवढंच.

19 जून. सात अंडी, एकाच झुबक्यात. राणी झुबका जबड्यात धरून बसलेली.

3 जुलै. चार अळ्या, वाकलेल्या, पांढऱ्या.

13 जुलै. पहिला कोश! फिकट तपकिरी. लोक ज्याला मुंगीची अंडी म्हणतात ते बहुधा हे कोशच असतात. कोशाच्या एका टोकाला काळा ठिपका आहे. अळी आयुष्यभर विष्ठा आत साठवते आणि कोशात गेल्यावर एकदाच टाकते, त्याचा हा ठिपका. घरटं स्वच्छ राहतं ते यामुळे.

27 जुलै. पहिली कामकरी. राणीने जबड्याने कोश फाडून तिला बाहेर घेतलं. रंग मधासारखा, दोन दिवसांनी काळा झाला. मुंगळा हा शब्द पुल्लिंगी असला तरी घरट्यात राबणारे हे सगळे मुंगळे माद्याच. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर. जूनमध्ये पंख गाळण्याआधी झालेल्या मीलनात साठवलेले शुक्राणू राणीला आयुष्यभर पुरतात.

ऑगस्टचा बराच काळ खाण्यापिण्याच्या नोंदींत गेला आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्यातच मिळाला. 9 ऑगस्टला सहा कामकरी होत्या. साखरेच्या पाण्यात खायचा निळा रंग घालून एकच थेंब ठेवला. त्यावर एकच कामकरी आली, दहा मिनिटं प्यायली. पोट इतकं ताणलं की काळ्या पट्ट्यांमधली पातळ त्वचा निळी दिसू लागली. सकाळी बघितलं तर सहाही जणींच्या पोटावर निळ्या रेघा, आणि दोन अळ्यांमध्येही निळसर झाक! पोटाच्या पुढच्या भागात जे साठतं ते मुंगीचं एकटीचं नसतं. तिथून ती तोंडाने दुसरीला भरवते. तिला स्वतःला लागेल तेवढंच एका झडपेतून मागे, पचनाकडे जातं. पूर्ण वाढलेल्या मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही, म्हणून झुरळाचा तुकडा अळ्यांपुढे नेऊन ठेवतात.

24 ऑगस्ट. ही नोंद लिहिताना आजही वाईट वाटतं. अकरा कामकरी असताना नळी रबरी बुचाने बंद करून मित्राकडे रिक्षाने नेली. खड्ड्यांत हादरे बसले. पोहोचल्यावर बूच काढलं तर नाकात झिणझिणणारा आंबूस वास, आणि तीन कामकरी मेलेल्या. मुंगळ्याला नांगी नसते, तो चावतो आणि फॉर्मिक आम्ल सोडतो. बंद नळीत त्याच आम्लाने त्या गुदमरल्या. वाहतूक करायची तर कापसाचाच बोळा ठेवा आणि हादरे टाळा.

6 सप्टेंबर, टेकडीवर. आपल्या मुंगळ्यांना काय आवडतं ते जंगली मुंगळ्यांकडून शिकावं म्हणून बाभळीखाली दोन तास बसलो. फांदीवर शिंगं असलेल्या काळ्या तुडतुड्यांची रांग आणि त्यांच्याभोवती मुंगळ्यांचा पहारा. मिशांनी तुडतुड्याच्या पाठीवर टकटक केलं की मागून चिकट्याचा थेंब यायचा. शेतकरी मावा पडला की ज्या चिकट्याला वैतागतात, तोच हा. त्यात साखर भरपूर, प्रथिनं कमी. मुंगळ्यांच्या आतड्याच्या पेशींत ब्लॉकमानिया नावाचे जिवाणू राहतात, ते प्रथिनांसाठी लागणारी आवश्यक अमिनो आम्लं बनवून ही कमतरता भरून काढतात. युरियातलं नत्रही ते वापरू शकतात. पक्ष्याच्या शिटेवर मुंगळे दिसतात तेव्हा मला हे आठवतं.

त्याच बाभळीच्या दुसऱ्या फांदीवर क्रेमॅटोगॅस्टर जातीच्या मुंग्या होत्या, पोट पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. बोट नेलं की पोट डोक्यावर उचलतात. भिंगातून कमर जरूर बघा: मुंगळ्याच्या कमरेला एक गाठ, यांच्या कमरेला दोन. उपकुळ ओळखायला हे एक लक्षण फार उपयोगी पडतं. दोन्ही जाती एकाच झाडावर, पण दोन तासांत एकदाही एकमेकींच्या फांदीवर गेल्या नाहीत.

टेकडीवरून आल्यापासून साखरेचं पाणी रोज आणि झुरळ आठवड्यातून दोनदाच देतो. कोपऱ्यात सडणारे तुकडे कमी झाले.

18 ऑक्टोबर. तेवीस कामकरी, नऊ कोश, अंड्यांचा मोठा झुबका. पाणी संपत आलं म्हणून दुसरी नळी तोंडाला तोंड लावून जोडली. त्यांनी तीन रात्री तपासली आणि चौथ्या रात्री अळ्या उचलून गेल्या, राणी शेवटी. प्लॅस्टरचं घरटं तयार आहे, पण चाळीस कामकरी होईपर्यंत हलवणार नाही. मोठ्या जागेत लहान वसाहत कचरा घरातच टाकते.

मुंगळ्यांत काही कामकरी मोठ्या डोक्याच्याही होतात, पण माझ्या सगळ्या अजून बारीक डोक्याच्याच आहेत. आजच्या कोशांपैकी एक मात्र बाकीच्यांपेक्षा दीडपट लांब दिसतोय. तुमच्याकडे मोठ्या डोक्याची पहिली कामकरी कितव्या महिन्यात आली, आणि तेव्हा वसाहत केवढी होती?